सुपडाबाई, जिताडा आणि चांदणं

सुपडाबाई चंद्राला शिव्या द्यायची. भेस्तानला आमच्या चाळीत सामाईक नळापाशी संध्याकाळी भांडी घासताना ती मान वर करायची आणि चंद्र चांगला वाटोळा दिसला की म्हणायची, "उना मेला." म्हणजे, आला मेला. मग तिचा राखेचा हात भांड्यावर आणखी जोरात फिरायचा. नवीन राहायला आलेल्या बायांना वाटायचं, हिचा नवरा पिऊन आला. नवरा बिचारा आत बसून भाकरी थापत असायचा.

ती शिरपूरकडची, तापीकाठची, भोयाची लेक. तिच्या आईची आधीची मुलं जगली नव्हती, म्हणून ही झाल्यावर तिला सुपात घालून लोळवली आणि नाव सुपडा ठेवलं. उंच, हाडकुळी, पायाचे तळवे पुरुषासारखे रुंद. पावरलूमच्या कारखान्यात ती कांड्या भरायची, म्हणजे लाकडी कांड्यांवर सूत गुंडाळायची. लूमच्या खडखडाटात बोलून तिचा आवाज असा झाला होता की तिने शेजारणीकडे मीठ मागितलं तरी गल्लीतली कुत्री उठायची. हीच बाई पाण्याकाठी गेली की तोंडातून शब्द काढत नसे. मला हे सगळ्यात आधी विचित्र वाटलं होतं. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई गप्प झाली की भीती वाटते.

पाणी म्हणजे तापीच. गावाकडची तापी सुरतेत येते आणि शहर ओलांडून समुद्राकडे जाते. मगदल्ल्याच्या अलीकडे, जिथे वस्ती संपते आणि बाभळी आणि चिखल सुरू होतो, तिथे सुपडाबाई सुट्टीच्या आदल्या रात्री गळ टाकून बसायची. तिथे समुद्रातून एक मासा नदीत शिरतो. रुपेरी, जाड पाठीचा, मोठ्या तोंडाचा. सुरतेकडे त्याला वेगळं काही म्हणतात, पण चाळीत कोकणातली एक बाई होती, तिने पहिल्यांदा बघून जिताडा म्हटलं, तेच आमच्यात राहिलं.

मी तिच्या शेजारच्या खोलीत. माझा नवरा रात्रपाळीला असायचा. मला मासे धरण्यात काही गोडी नव्हती. मला पोहता येत नाही. पाणी घोट्याच्या वर आलं की मी मागे फिरते. पण ती दारात येऊन उभी राहायची आणि म्हणायची, "चाल वं लीला." मी गेले नसते तर ती एकटी गेली असती, एवढंच माझं जाण्याचं कारण. मला पहिल्याच रात्री वाटलं, एक दिवस ही नदी हिला नेणार आणि ते मला काठावर उभं राहून बघावं लागणार. ती भीती मी तेव्हा धरली. पुढे इतकी वर्षं मी तिच्याबरोबर जात राहिले, पण ती काही सुटली नाही.

तिचे नियम फार. चांदणं असलेल्या रात्री जायचंच नाही. चंद्र उशिरा उगवणार असेल तर तो उगवायच्या आत उठायचं. अंगावर गडद लुगडं. बांगड्यांवर चिंधी बांधायची, कारण काच चमकते. नाकातल्या मोरणीला काजळ लावायचं. पहिल्यांदा मी पोपटी साडी नेसून निघाले तर तिने मला दारातूनच परत पाठवलं.

"कोनं लगीन शे?" ती म्हणाली.

दोरी नायलॉनची, पण ती बाभळीच्या सालीच्या पाण्यात उकळून काळी केलेली. कारखान्यातून आणलेल्या रिकाम्या लाकडी कांडीवर ती गुंडाळलेली असायची. गळाला जिवंत कोळंबी नाहीतर बोटाएवढा बोय मासा लावायचा. मग बसायचं. खोकायचं नाही, डास मारायचा नाही, लघवीला उठायचं नाही. मी डास चावून घेत बसायचे आणि अंधारात पाण्याचा आवाज ऐकायचे. ते पाणी कधी इकडे जायचं, कधी उलटं वर यायचं. नदी उलटी वाहते हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. पाहिलं म्हणजे ऐकलं. अंधारात काही दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्या पाण्याने दिशा बदलली की मी पाय पोटाशी ओढून घ्यायचे.

"चांदण्यात का नाही बसायचं?" मी एकदा परतताना विचारलं.

"मासा आपले देखस," ती म्हणाली. मासा आपल्याला बघतो. "काठावर मानूस बसना की त्यानी सावली पानीवर पडस. मासा बाई नही देखत, सावली देखस. सावली दिसनी की खाले जास."

"आणि अंधारात?"

"अंधारात तो बी आंधया, आपन बी आंधयं. बरोबरीनं काम."

हे तिने गावाकडून आणलेलं होतं. तिकडे उन्हाळ्यात तापी आटते आणि पात्रात डोह तेवढे उरतात. चांदणी रात्र असली की मासे डोहाच्या कड्याखाली, सावलीत जाऊन बसतात. भोयांना ते ठाऊक असतं. ते काठावर बसत नाहीत, कोरड्या पात्रातून चालत थेट डोहापर्यंत जातात आणि कड्याच्या काळोखात बसून गळ सोडतात. तिचा बाप असाच बसायचा, तिच्या नवऱ्याचा बापही. म्हणजे चांदण्यात मासे धरता येत नाहीत असं तिच्या माहेरी कुणी म्हणत नव्हतं. उलट चांदण्यात कुठे बसायचं हे त्यांना पक्कं माहीत होतं. हे मला बरंच उशिरा कळलं आणि तिच्याकडून कळलं नाही.

कळलं तिच्या नवऱ्याकडून. मोतीराम लूम चालवायचा. बुटका, गोरा, हळू बोलणारा. जातीचा भोई, आणि मासा खायचा नाही. ती जिताड्याचे तुकडे तळायला घेई तेव्हा तो आपली वरणाची वाटी घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसायचा. एका अशाच संध्याकाळी मी त्याला सरळ विचारलं, माळ घातली का?

"माळ नही वहिनी," तो म्हणाला. "माले त्या वासानं चिखल आठवस."

मग त्याने सांगितलं. सुरतेला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. लूम बंद होते, खोलीत उकडत होतं. दोघं पौर्णिमेला नदीवर गेली. बघतात तर पात्र अर्धं रिकामं, चांदणं असं की चिखलावरची खेकड्यांची भोकं दिसत होती, आणि लांब मधोमध पाण्याची काळी पट्टी. दोघांनाही गावच दिसलं. नदी आटली आहे, चांदणं आहे, मासा खोल पाण्यात जाऊन बसला असेल, चला. कुणी सांगायची गरजच पडली नाही. लहानपणापासून जे केलं तेच त्यांनी केलं. चपला हातात घेऊन पात्रात उतरली आणि चालत सुटली.

"चिखल लागना तरी आमले कळनं नही," मोतीराम म्हणाला. "आम्हनी नदीत वाळू ऱ्हास."

आतून सुपडाबाईच्या कढईचा आवाज थांबला होता.

तो मध्यावर पोचला तोवर मांडीपर्यंत रुतला. त्याच वेळी काठावरून कुणीतरी ओरडू लागलं. ते ओरडणं त्यांना कळलं नाही, कारण गुजराती येत नव्हती. मग समुद्राच्या बाजूने पाणी आलं. त्याला वाटलं, वरच्या अंगाला पाऊस पडला असेल. पण पाणी वरून येत नव्हतं, खालून येत होतं. चांदण्यात ते सगळं दिसत होतं, हे त्याने मला दोनदा सांगितलं. पांढरी कडा पुढे सरकताना दिसत होती, आणि पाय हलत नव्हते. सुपडाबाईने अंगावरचं लुगडं सोडलं, चिखलावर पसरलं, त्यावर पालथी पडली आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढला. काठावरचा तो माणूस होडी घेऊन आला आणि त्याने दोर फेकला. तो सुटला तेव्हा पाणी दोघांच्या हनुवटीला होतं.

"तू गप बस आते," आतून सुपडाबाई म्हणाली. तिचा तो आवाज मी तोवर ऐकला नव्हता. बारीक आणि सपाट. ती कढई तशीच चुलीवर ठेवून मागच्या दाराने निघून गेली आणि जिताडा जळून कोळसा झाला. मोतीराम पुन्हा त्या विषयावर बोलला नाही. मीही विचारलं नाही.

दोर फेकणारा माणूस रमणकाका. तिथलाच माछी, छोटी होडी, पांढऱ्या मिशा, तोंडात कायम तंबाखू. सुपडाबाईला तो "भोयण" म्हणायचा आणि ती त्याला "काका" म्हणून चार शब्द सुनवायची. अमावस्येला पाणी पौर्णिमेइतकंच चढतं, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. पण अमावस्येच्या अंधारात ती काठ सोडतच नसे, त्यामुळे तिला त्याचं काही नव्हतं. पाणी तिच्या पायाशी येऊन परत जायचं.

जिताडा आणि चांदणं या एकाच गोष्टीवर दोघांचं कधी पटलं नाही.

"पूनमनी रात आवजे, पुनवेला ये, भोयण," तो म्हणायचा. "जिताडा डोळ्याने शिकार करतो. उजेड असला तर त्याला बोय दिसतो, नसला तर उपाशी मरतो. तू अंधारात बसतेस म्हणून तुला हाडकुळे लागतात."

"तुम्हना मासा बी गुजराती," ती म्हणायची. "आम्हना मासा सावलीले भेस."

"सावली मागे पाड ना. चंद्राकडे तोंड करून बस."

"चंद्राकडे तोंड करी बसू? माले काय वरात देखनी शे?"

त्याने एकदा तिला चिडवण्यासाठी ताजा जिताडा तिच्यासमोर धरला आणि त्यावर मोबाईलचा उजेड मारला. माशाचा डोळा निखाऱ्यासारखा लाल पेटला. मी मागे सरले आणि माझा पाय चिखलात गेला. रमणकाका हसला. म्हणाला, चांदण्यातसुद्धा असाच दिसतो, वरून पाण्यात बघितलं की चार-पाच निखारे फिरताना दिसतात. मला त्यानंतर कितीतरी रात्री वाटायचं की अंधारात ते डोळे आहेतच, फक्त कुणी उजेड मारत नाही म्हणून दिसत नाहीत.

त्याच रात्री ती होडीपाशी दोरी सोडवायला गेली तेव्हा रमणकाका मला हळूच म्हणाला, "बेन, मासा बिसा काही नाही. ती चांदण्यात पाणी बघायला भिते."

मी तिला हे सांगितलं नाही. सांगून काय करायचं होतं? भीत असली तर बरंच होतं. जो भितो तो काठावर बसतो.

मोतीराम छातीच्या दुखण्याने गेला. मुलगा कैलास कडोदऱ्याला एका कारखान्यात लागला होता आणि त्याने आईला तिकडे बोलावलं. ती गेली नाही. म्हणाली, तिकडे पाणी नाही. त्या सुमारास मला एक एक गोष्ट दिसू लागली. तांदळात खडे राहू लागले. नळावर ती माझी बादली घेऊन जाऊ लागली. कांडीचा धागा तुटला तर पूर्वी ती बोलता बोलता जोडायची, आता बोटांनी चाचपायची. तिच्या बुबुळांवर दुधाची साय धरल्यासारखं झालं होतं.

"सुपडाबाई, मोतीबिंदू आहे हा," मी म्हटलं. "शिबिरात फुकट काढतात. माझ्या नणंदेचे काढले."

"डोयाले सुई लावतस ना?"

"लावतात."

"मंग नको."

जी बाई चिखलात पालथी पडून नवऱ्याला पाण्यातून ओढते ती सुईला घाबरली. गावाकडे कुणा मामाचा डोळा असाच कुठल्या वैदूने फोडला होता म्हणे. मी वैदू आणि डॉक्टर यातला फरक सांगितला, तिने ऐकून घेतला आणि भाजी निवडायला बसली. भाजीत अळी राहिली.

आणि मग एका संध्याकाळी नळावर तिने वर बघितलं, चंद्र चांगला मोठा होता, आणि तिने शिवी दिली नाही. "चाल वं लीला," म्हणाली. "आज जाऊ."

"आज चांदणं आहे."

"म्हनीसन तं. अंधारात माले आते काहीच दिसत नही. चांदण्यात पायापुरतं दिसस."

 मी तिला मोतीराम रुतला त्या रात्रीची आठवण करून दिली, रमणकाकाने फेकलेल्या दोराचीही. तिने कोळंबीचा डबा घेतला आणि चालू लागली. मीही गेले. दुसरं काय करणार?

तिथे दगडांचा एक जुना बांध होता, काठापासून नदीत गेलेला, मध्येच थोडा खचलेला. अंधाऱ्या रात्री ती कधी त्यावर गेली नाही. आता ती त्याच्या टोकाला जाऊन बसू लागली, कारण तिथे उजेड चांगला होता. मी काठावर. ओहोटीला बांध पूर्ण उघडा असायचा. मी चंद्राकडे बघायचे नाही, पाण्याकडे बघायचे नाही, समुद्राच्या बाजूला बघत बसायचे. पाणी वळलं की आवाज द्यायचा, एवढंच माझं काम.

गंमत अशी की रमणकाकाचं खरं निघालं. तिला असे जिताडे लागू लागले जे तिला आयुष्यात लागले नव्हते. ती चंद्राकडे तोंड करून बसायची. मासा लागला की तिचं सगळं अंग मागे जायचं आणि ती हसायची, आवाज न करता. तिला ना पाणी दिसत होतं, ना पलीकडचा काठ. पायाखालचे दगड आणि हातातली दोरी, एवढंच तिचं जग उरलं होतं आणि त्यात तिला कसलीच भीती नव्हती. पूर्वी जी बाई चंद्र बघून राख घासायची ती आता तिथी विचारत फिरायची.

पौर्णिमेच्या रात्री जायचं नाही असं मी बजावलं होतं. तिने मला त्रयोदशी आहे म्हणून नेलं. नदीवर पोचल्यावर मी वर बघितलं. त्रयोदशीचा चंद्र कसा असतो हे मला कळतं.

"सुपडाबाई, ही पुनव आहे."

"व्हई का?" ती म्हणाली आणि बांधावर चढली.

आल्या आल्या सगळं शांत होतं. पात्र रिकामं, चिखल चकाकत होता. पलीकडच्या काठावर कारखान्यांचे दिवे. रमणकाकाची होडी चिखलात कलंडून पडलेली, तो कुठे दिसत नव्हता. ती टोकाला जाऊन बसली. मी काठावर बाभळीखाली. मला सारखं लघवीला लागल्यासारखं होत होतं.

आवाज आधी आला. तापलेल्या तव्यावर कुणी पाणी शिंपडत राहावं तसा. मग समुद्राच्या बाजूला चिखलावर एक पांढरी रेघ दिसली. मी ओरडले. तिने मान न वळवता हात वर केला, गप्प बस म्हणून. तिला मासा लागला होता. मी पुन्हा ओरडले. ती मागे झुकलेली, दोरी ताठ. पाणी टोकाकडून येईल असं मला वाटत होतं, पण ते बांधाला वळसा घालून मागच्या बाजूने आलं आणि बांध जिथे खचला होता तिथून आरपार वाहू लागलं. ती त्या बाजूला, मी या बाजूला. मध्ये पाणी. तिच्या पायाशी अजून दगड कोरडे होते, म्हणून तिला काही पत्ता नव्हता.

मी काठावर उभी राहून बघणार नव्हते. एवढी वर्षं ज्याला भीत होते तेच समोर आलं होतं आणि मला त्याचा रागच आला. मी बसले आणि बसल्या बसल्या दगडांवरून सरकत निघाले. खचलेल्या जागी पाणी मांडीपर्यंत होतं. गार. दगड हातात धरून मी पार झाले. कशी झाले ते मला आठवत नाही, पण तोंडात नदीची चव होती.

"चल," मी म्हटलं. "पाणी आलं."

"मोठा शे वं," ती कुजबुजली. "थांब जराशी."

"सोड ती दोरी."

"अवं, मोठा शे."

मी तिच्या मनगटाला चावले. चांगली कडकडून. कांडी सुटली, दगडांवर खडखडत गेली आणि पाण्यात पडली. तिने मला अशी एक शिवी दिली की तिच्या लूमच्या खात्यातसुद्धा कुणी दिली नसेल. मग तिचा पाय पाण्यात पडला आणि ती गप्प झाली.

परतताना मीच रडत होते. खचलेल्या जागी पाणी कमरेला आलं होतं आणि ओढत होतं. तिने माझ्या दंडाला धरलं. "पाय उचलू नको," ती म्हणाली. "घसाडत चाल. दगड सोडू नको." तिचे ते रुंद तळवे पाण्याखाली जागा शोधत पुढे जात होते, मी तिच्या मागे. ती जराही घाबरली नव्हती. आम्ही काठावर आलो तेव्हा मी बाभळीच्या मुळावर पडून राहिले. ती लुगडं पिळत होती.

"किती पानी व्हतं?" तिने विचारलं.

"कमरेला."

"बस? मंग एवढी बोंबलनी काबरं?"

मी बघितलं. बांध गेला होता. चिखल गेला होता. पलीकडच्या दिव्यांपर्यंत सगळं चांदण्याचं पाणी, आणि ते फुगत वर येत होतं. मी तिला काही सांगितलं नाही.

कैलासला मात्र दुसऱ्याच दिवशी सांगितलं. सगळं सांगितलं, डोळ्यांसकट. तो आला आणि तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. ती चाळभर ओरडली. जाताना माझ्या दारासमोर थुंकली. मी ते पुसून टाकलं. मला तिच्या थुंकण्याचं काही वाटलं नाही. ती जिवंत होती आणि थुंकत होती.

दोन्ही डोळ्यांची पट्टी निघाल्यावर ती काळा चष्मा लावून परत आली. काही दिवस माझ्याशी बोलली नाही. नळावर आली की चाळीकडे बघत राहायची. भिंतीवरचे पोपडे, लोकांच्या तोंडावरच्या सुरकुत्या. एकदा माझ्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, "तू भलतीच म्हातारी झायी वं," आणि आमचं बोलणं सुरू झालं.

पुढे कैलासने खोली सोडायला लावली आणि तिला कडोदऱ्याला नेलं. तिथेच ती गेली, झोपेत. मला निरोप मिळाला तोवर सगळं आटोपलं होतं. त्यामुळे माझ्याकडे तिचं शेवटचं म्हणून जे आहे ते ती कडोदऱ्याला जाण्याच्या आधीच्या पौर्णिमेचं.

त्या संध्याकाळी ती दारात आली. हातात डबा नव्हता, कांडी नव्हती. "चाल," म्हणाली. "माले देखनं शे." आम्ही मगदल्ल्याकडे जाणारी रिक्षा धरली आणि उतरून बाभळींपर्यंत चालत गेलो. भरती चढलेली होती. चांदणं इतकं होतं की पाण्यावरून वाहत जाणाऱ्या काटक्या दिसत होत्या. तिने चष्मा काढून लुगड्याच्या गाठीत बांधला आणि समोर बघितलं.

तिने इकडून तिकडे सगळं पाणी न्याहाळलं. मग विचारलं, "बांध कोठे शे?"

"आहे तिथेच आहे. पाण्याखाली."

"मी बसे ते टोक?"

मी हात करून दाखवलं. तिथे नुसतं पाणी होतं, बऱ्याच लांबवर, आणि ते एका जागी गोल फिरत होतं. तिने माझ्या बोटाच्या दिशेने बघितलं. मग आमच्या पायांपासून तिथपर्यंतचं अंतर नजरेने मोजलं, एकदा, पुन्हा एकदा. 

"तुले हाई सगळं दिसे का वं, लीला?"

"दिसायचं."

"दरखेपेला?"

"हो."

"आन तरी तू येत ऱ्हायनी?"

मी म्हटलं, "तू जायचीस ना."

ती खाली बसली. बसली आणि बसल्या बसल्या मागे सरकू लागली, पाण्याकडे तोंड ठेवूनच, टाचा मातीत रोवत, पाठ बाभळीच्या बुंध्याला टेकेपर्यंत. काटे टोचले असतील, पण ती हलली नाही. दोन्ही हात मागे नेऊन तिने बुंधा धरला. एवढी उंच बाई, पण तिथे लहान पोरीएवढी दिसत होती. तिचे नवे डोळे सताड उघडे होते आणि त्यांत सगळी नदी चमकत होती.

"बघू नकोस मग," मी म्हटलं. "डोळे मिट."

"मिटतच नहीत वं," ती म्हणाली.